कणकुंबीच्या दरीवरचा ब्रेक

मी, पूर्णिमा नागोजी गावडे, वय बहात्तर, राहणार अनगोळ, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा सौरव याला त्याबद्दल शंका आहे, म्हणूनच जोडला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आला होता, मी मानला नाही.

१. पतीच्या पश्चात माझ्या नावावर असलेलं अनगोळचं घर सौरवला मिळावं. एकुलता मुलगा आहे, त्याचा हक्क मी नाकारत नाही.

२. उद्यमबागेतला कारखाना, दोन्ही लेथ आणि सगळी हत्यारं सून अबोली हिला द्यावीत. सौरवला नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीचं डोकं फिरलं होतं.

कणकुंबीजवळ पर्यटकांना तारेवरून दरीपार सोडायचा खेळ सुरू झाला, तेव्हा पलीकडे थांबायला नुसती एक गादी बांधलेली होती. माझी भाची शाल्मली तिथे कामाला होती. एकदा ओल्या तारेवरून ती वेगाने आली, आदळली आणि तिचा गुडघा कायमचा गेला. मालक धवल म्हणाले, "तिनंच पाय चुकीचा टाकला." मी दवाखान्यातून थेट कारखान्यात गेले. एका ठोकळ्याला ब्रेकचं लायनर लावलं आणि मागे रिक्षाच्या दोन स्प्रिंगा बसवल्या. येणारा माणूस ठोकळ्याला लागला की ठोकळा तार आवळतो, स्प्रिंगा दबतात आणि माणूस अलगद थांबतो. एक स्प्रिंग तुटली तर दुसरी धरते.

ब्रेक कणकुंबीच्या तारेवर चढवला. पहिल्यांदा कोण बसणार म्हटल्यावर सगळे मागे सरले. मी कासोटा घातला. आमचे हे ओरडले, "अगं, वय काय तुझं?"

"वयाला ब्रेक न्हाय, तारंला हाय. सोडा!"

भीती वाटली नाही असं लिहिणार नाही. दरीच्या मधोमध डोळे मिटले होते. पण थांबले, आपल्या पायांवर उभी राहिले, आणि परत जाऊन दुसऱ्यांदा बसले.

थोड्याच दिवसांत तिथे पाटी लागली: 'परदेशी बनावटीचा ब्रेक'. मी जाब विचारला. धवल म्हणाले, "मावशी, उद्यमबाग लिहिलं तर पुण्या-बंगळूरचा माणूस बसंल काय?"

"मी बसलो न्हवं? काढ ती पाटी."

काढली नाही. मी रंगाचा डबा घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत 'परदेशी' खोडून 'बेळगाव' लिहिलं. पोलीस आले. फौजदारांनी विचारलं, "अज्जी, हे तुम्ही केलं?" मी म्हटलं, "व्हय. आणि त्यो ब्रेकबी मीच केलाय." त्यांनी मला जीपमधून घरी आणून सोडलं.

मग धवल यांनी ब्रेक आपल्या कंपनीच्या नावावर करून घेण्याचा घाट घातला. दुसरी स्प्रिंग काढून खर्च वाचवायचं ठरलं. सौरवने शब्द दिला, आईची सही आणतो. ही बोलणी माझ्याच घरी, पुढच्या सोप्यात झाली, आणि शाल्मली लंगडत त्यांना चहा देत होती. सौरवने कागद पुढे केला तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, "तिच्याकडं बघून सांग, सही करू काय?" तो बघू शकला नाही. मी सही केली नाही.

३. शाल्मलीला माझ्या पाटल्या आणि कारखान्यात निम्मी भागीदारी. अबोलीला हे मान्य आहे; तिनेच सुचवलं.

४. ब्रेकचं रेखाचित्र कोणाच्याही मालकीचं नाही. दांडेली, आंबोली, हिमाचल, कुठूनही कोणी आला तरी मागेल त्याला द्यावं. अट एकच, स्प्रिंगा दोन. जो एक काढेल त्याने माझं आणि बेळगावचं नाव घेऊ नये.

५. हे गेल्यावर "बाईमाणसानं कारखाना कशाला चालवायचा?" म्हणणाऱ्या भाऊबंदांसाठी काही ठेवलेलं नाही.

६. ज्याला हे मृत्युपत्र अमान्य असेल त्याने आधी ब्रेक न लावता कणकुंबीची दरी पार करावी, मग कोर्टाची पायरी चढावी.

हे वाचून साक्षीदार भावकूअण्णा म्हणाले, "आक्का, एवढं वाक्य वकील खोडतील बघ." खोडू देत. जिवंत आहे तोवर पुन्हा लिहीन.

सही: पूर्णिमा नागोजी गावडे

साक्षीदार: भावकू मारुतीराव पाटील, अनगोळ
जयाबाई शामू नाईक, कणकुंबी

बेळगाव, ४ फेब्रुवारी २०२५