वर्गातला नकली दादा

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. मला बढती मिळाली. साखर काठावर आलेल्या लोकांना मधुमेहापासून वाचवायला मार्गदर्शक नेमतात. त्यांना नर्स आणि डॉक्टर शिकवणार, आणि त्या नर्स-डॉक्टरांना मी. थोडक्यात, पेशंटपासून जितकं लांब पळता येईल तितकं लांब मी पळाले आहे.

पहिला धडा असा, की उपदेश करायचा नाही. विचारायचं आणि ऐकायचं. यावर मी दीड तास उपदेश केला.

मग नाटक. नर्स झाली मार्गदर्शक, मी हट्टी पेशंट. पेशंट म्हणून न विचारता तुलाच उचलला. स्वतःच्या पँटची कंबर उसवत म्हणाले, की वजन वाढलेलं नाही, कापड आटलंय. वर्ग हसून बेजार. रागावू नकोस, आणि डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी कर. वर्ष झालं.

लोभ वाढू दे, साखर नको.
तुझी चिमी

ता. ११ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

नक्कल करतेस तर नीट तरी कर. कापड आटलं असं बोलणाऱ्या टेलरचं दुकान चालेल का? मी म्हणतो, की माप घेताना श्वास रोखला होता. आणि पेशंट वाद घालत नाही, बाई. तो हो हो म्हणतो आणि चहात आणखी एक चमचा साखर घालतो. तुझी वहिनी पत्र वाचून अजून हसते आहे. दोघी मिळून माझी अब्रू काढा.

तपासणीचं बघू.

आहे तो लोभ पुरे.
दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रोखलेल्या श्वासाला टाळ्या पडल्या. मी फुशारले, तेवढ्यात नर्सने विचारलं, की तपासणीला जायची तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? आणि थांबली. तुझी सगळी सोंगं पाठ, पण हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. खोटं खोटं खोकत वर्गाबाहेर आले. दुसऱ्यांना शिकवायला निघालेली मी, शहाणी.

तर दादा, कशाची भीती वाटते? पुढे आठ ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या.

लोभ कमी करू नकोस.
चिमी

ता. ५ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला.

बाबांची नजर साखरेने गेली तेव्हा तू वसतिगृहात होतीस. आधी ते सुई माझ्याकडे ओवायला द्यायचे. मग कापडाचा रंग विचारायला लागले, तेही गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. हल्ली माझाही दोरा पहिल्या खेपेला ओवला जात नाही. तुझ्या वहिनीला सांगितलंय, चष्म्याचा नंबर वाढला. तपासलं नाही, तर दोष चष्म्याचाच राहील. एवढीच माझी अक्कल.

परवा दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो होतो. घरी येऊन सांगितलं, की फार गर्दी होती. आत कुत्रंसुद्धा नव्हतं.

सोमवारी पुन्हा जायचं ठरवलं आहे. तू ये, आणि हाताला धरून मला आत ने.

तुझा दादा