पालकांनी बाहेर थांबावे

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकलो आहे. खरोखर वाकलो तर परत सरळ करायला तुझ्या भावजयीला हाक मारावी लागते.) आम्ही सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा स्वभाव कसा आहे? दोन्हींवर औषध नाही हे मला ठाऊक आहे, पण विचारायची रीत असते म्हणून विचारलं.

परवा फोनवर तू सांगितलंस की तुझी मनी हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघात निवडली गेली. वर विचारलंस, "आईबापांनी यात नेमकं काय करायचं असतं रे?" मी घसा खाकरून सुरुवात करणार, तोच तुझ्याकडे दारावर कोणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. तुझ्या दारावर नेहमी मी घसा खाकरल्यावरच माणसं येतात. म्हणून हे पत्र. तेही तू मध्येच ठेवशील, पण निदान ते मला दिसणार नाही.

तर ताई, या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. आपल्या घराण्यात आजवर कोणी जिवाच्या आकांताने धावलं असेल तर ते उतू जाणाऱ्या दुधाकडे. अशा घरातली आमची ढबू गेल्या वर्षी एकदम संघात निवडली गेली. (ढबू हे नाव पाळण्यातलं. आता ती काठीसारखी झाली आहे, पण नाव काही उतरलं नाही.) मी त्याच दिवशी ठरवलं की पोरीला पाठिंब्यात काही कमी पडू द्यायचं नाही. आणि खरंच सांगतो, कमी पडलं नाही. जे काही झालं ते जास्त पडल्यामुळे झालं.

सुरुवात बुटांपासून झाली. वाढतं अंग म्हणून मी एक माप मोठे घेतले. पहिल्याच सरावाला ढबू चेंडूकडे धावली, थांबली, आणि बूट पुढे गेले. मग गुडघ्याला बांधायच्या गाद्या आणल्या, त्या बरोबर बसतात का हे पाहायला आधी स्वतः बांधल्या आणि दुकानात बसलो. (उभं राहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत, आणि चष्म्याच्या दुकानदाराला उभं राहावं लागत नाही असा माझा हिशेब होता. तो चुकला.) तुझ्या भावजयीने दूध, अंडी, केळी यांचा असा मारा सुरू केला की ढबू सरावाला जाताना पळायची ती मुख्यतः घरापासून. सर्व्हिसचा सराव घरीच व्हावा म्हणून मी दुकानामागच्या बोळात भिंतीला दोरी बांधली. भिंतीच्या पलीकडे फ्रेमांची मांडणी आहे हे मलाच आठवायला हवं होतं, कारण ती मीच लावली आहे. पोरीच्या हातात ताकद आहे, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं. खाली पडलेल्या फ्रेमा वेचताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती, पण वाकल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

मग पहिला सामना. दुकानावर "अत्यंत महत्त्वाच्या कामामुळे बंद" अशी पाटी लावून मी निघालो. (गडबडीत एक आजोबा तपासणीची ती जड लोखंडी चौकट नाकावर तशीच घेऊन घरी गेले. बायकोने दार उघडलं आणि परत लावून घेतलं म्हणतात.) पुढच्या रांगेत जागा धरली. दोन्ही संघ कोर्टात उतरले आणि आमची ढबू बाकावर बसली. राखीव! सबंध सामना बसून होती. आता तू म्हणशील, मग तू काय केलंस? मी तिच्या बसण्याला टाळ्या वाजवल्या. "पाठ ताठ ठेव!" असं ओरडलो. शेजारच्या आईने मला विचारलं, तुमची कुठली? मी म्हणालो, ती बाकावरची, सगळ्यांत नीट बसलेली.

असे तीन-चार सामने झाल्यावर कोणत्याही जबाबदार बापाने जे केलं असतं तेच मी केलं. संघ बघणाऱ्या खेळाच्या मॅडमना भेटायला गेलो. त्यांच्या खोलीत चेंडूंच्या जाळ्या, हवा भरायचा पंप आणि एकच खुर्ची आहे, ज्यावर त्या स्वतः बसतात. मी उभ्यानेच ढबूचे गुण सांगितले, मनगटापासून सुरुवात केली. शिवाय त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता, तो फुकट नीट करून देतो म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे मुलं डोळे तपासायला येतात, तेव्हा त्यांचे वडील मागे उभे राहून अक्षरं सांगतात का हो?"

ताई, सांगतात! रोज सांगतात! मुलगा तक्त्यासमोर अडखळला की मागून बाप फुसफुसतो, आणि मग त्या पोराला बापाच्या नंबरचा चष्मा लागतो. अशा बापांना मी बाहेरच्या बाकावर बसवतो. तर हे मी मॅडमना मोठ्या उत्साहाने, अगदी दोन-तीन किस्से रंगवून सांगितलं आणि बाहेर पडलो. त्यांनी ते का विचारलं असावं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दुकानाचं कुलूप काढत होतो.

पण पुढच्या सामन्यात ढबू खेळली. (माझ्या भेटीमुळे, असं माझं मत. एका मुलीला ताप आला म्हणून, असं तुझ्या भावजयीचं मत. तिला प्रत्येक गोष्टीत वैद्यकीय कारण लागतं.) मी आवाज बसू नये म्हणून सकाळपासून कोमट पाणी पीत होतो. शेवटचा गेम अटीतटीचा चाललेला, सर्व्हिस आमच्या ढबूची. तिने चेंडू उडवला, असा सणसणीत मारला की पलीकडच्या पोरी नुसत्या बघत राहिल्या. पॉइंट! आणि पंचांनी शिट्टी फुंकून हात वर केला. म्हणे, मारताना पाय रेषेवर पडला.

ताई, डोळे हा माझा धंदा आहे. कोणाला दिसतं आणि कोणाला दिसत नाही हे मी वीस पावलांवरून सांगतो. मी उठलो, दोरी ओलांडली, कोर्टात गेलो आणि पंचांच्या हातात दुकानाचं कार्ड ठेवलं. त्यावर ठळक छापलंय, "नेत्रतपासणी मोफत." मी एक अक्षर वाईट बोललो नाही. एवढंच म्हणालो, "केव्हाही या, लाजू नका." माझ्या मते याहून सभ्य निषेध जगात कुठे झाला नसेल. लोक हसले, मीही हसलो. मग पंचांनी कार्ड खिशात घातलं आणि सांगितलं, हे गृहस्थ बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही.

मी तत्त्वाचा प्रश्न करून तिथेच उभा राहणार होतो. तेवढ्यात ढबूकडे नजर गेली. ती दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती आणि खाली, त्या रेषेकडे, बघत होती. संघातल्या मुली तिच्याकडे बघत होत्या. ती वर बघेल म्हणून मी थोडा थांबलो. तिने काही वर बघितलं नाही. मग मी गेलो. सायकली लावतात तिथे उभा राहिलो. जरा वेळाने आतून जी आरोळी उठली त्यावरून कळलं की आपण जिंकलो. एका सायकलची घंटी वाजवून मी आनंद साजरा केला. (सायकल कोणाची होती माहीत नाही. मालक मागेच उभा होता, हे नंतर कळलं.)

पुढची गोष्ट तुला पटणार नाही. दोन दिवसांनी ते पंच खरोखर दुकानात आले. हातात माझं कार्ड. मी त्यांना मानाने खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आणि मनातल्या मनात जाड भिंगाची मोठी चौकटही निवडली. त्यांनी तक्ता वाचायला सुरुवात केली. वरची ओळ, मधली ओळ, सगळ्यांत खालची बारीक ओळ, आणि तिच्याखाली कोपऱ्यात तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नाव आहे तेसुद्धा. इतकी वर्षं तो तक्ता माझ्या भिंतीवर आहे, तिथे काही छापलेलं आहे हे मला त्या दिवशी समजलं. मग त्यांनी स्वतःच्या बायकोच्या चष्म्याचा ढिला स्क्रू घट्ट करून घेतला आणि उठता उठता म्हणाले, "तुमची मुलगी सरळ आहे हं. मी शिट्टी मारली तेव्हा तिनेच मान हलवली, हो म्हणून."

घरी आलो. ढबू गणितं करत बसली होती.

"पाय पडला होता का गं रेषेवर?"

"हो."

"मग तेव्हाच सांगायचंस ना!"

"कोणाला? तुम्ही बोलत होता."

एवढंच बोलली आणि पुढचं गणित करायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटली की सरळ घरी यायला लागली. बूट धुऊन, कागद भरून कपाटावर गेले. मी तुझ्या भावजयीला म्हणालो, बरं झालं, आता अभ्यास होईल. त्या आठवड्यात घरात इतकी शांतता होती की नळ गळतोय हे कळलं, आणि मी तो दुरुस्त केला. आणखी गळण्यासारखं काही आहे का बघत घरभर फिरलो. पोर जेवायची, हसायची, सगळं करायची, पण दुकानामागच्या बोळात जायची नाही. दोरी तशीच लोंबत होती. ती सोडायला गेलो आणि न सोडताच परत आलो. कारण विचारू नकोस, कमरेचं असेल.

शेवटी मायलेकींचं दार लावून काहीतरी बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी ढबूने बूट खाली काढले आणि मला निरोप दिला, "मॅडम परत घेतायत. पण त्यांची अट आहे. या वर्षभर तुम्ही सामन्याला मैदानात यायचं नाही. पालकांनी बाहेर थांबावे, असं म्हणाल्या." मी अट मान्य केली. मोठ्या मनाने केली, असं सगळ्यांना सांगतो. (मध्यंतरी मॅडम बाजारात भेटल्या. "हल्ली सामन्यांना दिसत नाही तुम्ही?" असं हसून म्हणाल्या. स्वतः हाकलायचं आणि वर हे विचारायचं! जखमेवर मीठ चोळायला शाळेत वेगळं शिकवतात की काय, कोण जाणे.)

तेव्हापासून मी तिला स्कूटरवर सोडतो, सायकलींपाशी थांबतो आणि परत आणतो. तुझ्या भावजयीने आणखी एक कलम जोडलं, की परतीच्या वाटेवर सामन्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. ताई, मी! पहिल्या दिवशी चौकापर्यंत दात आवळून आलो. सिग्नलला तर इतका लाल झालो की मागचे लोक माझ्याकडे बघून थांबले असावेत. आणि चौक ओलांडल्यावर मागून तीच बोलायला लागली. कोण कशी घसरली, समोरच्या शाळेतल्या पाण्याला कशी गंजकी चव होती, एका मुलीला हरल्यावर उचकी लागली ती थांबेचना, तिला थांबवायला दोन्हीकडच्या पोरी कशा धावल्या. घर आलं तरी संपेना. मी मुद्दाम पुढच्या गल्लीला एक वळसा मारला. स्कोअर काय झाला हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि तो मला आजतागायत माहीत नाही.

तर मनीच्या बाबतीत माझा सल्ला असा की बूट मापाचे घ्यावेत, मॅडमना भेटू नये, पंचांना कार्ड देऊ नये, आणि भाऊजींना घरी ठेवावं. तू स्वतः गेलीस तर मागे बसावं आणि तोंडात काहीतरी चघळायला ठेवावं. आईबापांनी खेळापासून चार हात लांब राहावं, हे माझं आता ठाम मत झालं आहे आणि ते मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो.

भाऊजींना नमस्कार, मनीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या शनिवारी आमच्या शाळेचा सामना तुमच्या शाळेशी तुमच्याच मैदानावर आहे, हे तुला कळलं असेलच. माझ्यावरची बंदी, मी लावला तो अर्थ घेतला तर, आमच्या बाजूला बसण्याची आहे. तुमच्या बाजूबद्दल मॅडम काही बोललेल्या नाहीत. मी सकाळच्या बसने येतो. तुझा पाहुणा म्हणून मला तुमच्या पालकांत बसव. भाऊजींची टोपी आणि मफलर काढून ठेव. मी टाळ्या फक्त मनीसाठी वाजवीन, शपथ घेतो. चेहरा पडेल तेव्हा तू कोपर मार.

ता. क. २. ढबूला यातलं काही कळता कामा नये. पत्र आजच टपालात जावं म्हणून शाळेच्या वाटेवर टाकायला तिच्याकडेच देतो आहे. पोरगी सरळ आहे.

ता. क. ३. आत्या, मी ढबू. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. (थोडं चिकटलं होतं.) मॅडमनी बाबांना बंदी घातलेलीच नाही, ती मीच घातली होती. मॅडमना यातलं काही माहीत नाही, म्हणून तर त्या बाजारात तसं म्हणाल्या. आता शुक्रवारी बाबांना सांगीन की मॅडमनी बंदी उठवली. मग ते आमच्याच बाजूला बसतील, टोपीबिपी नको. थोडं ओरडले तरी चालेल, सायकलींपाशी ते फार एकटे दिसतात. आणि मनीला निरोप दे, बहीणबिहीण सगळं सामना संपल्यावर. जाळीच्या पलीकडे उभी राहिली तर पहिली सर्व्हिस तिच्यावरच मारणार आहे.