तक्रारीतून कळलेलं

९ नोव्हेंबर

चि. भाऊ यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आमच्या प्राचार्यांपेक्षा कमी.

परवा तू त्यांच्याकडे येऊन माझी तक्रार करून गेलास. शेजारच्याच खोलीत मी तास घेत होते. डोकावला असतास तर चहा पाजला असता. नंतर मला बोलावणं आलं. "बाई, पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही उलट बोलायला शिकवता म्हणे?"

शिकवते काय, ते ऐक. ही मुलं आजवर फळ्यावरचं उतरवत आलेली. मी 'बसा' म्हटलं तरी वहीत लिहितात. वादाचे नियम घालून देणाऱ्या जुन्या नैयायिकांचं मी त्यांना एवढंच सांगते: कुणी काही ठासून म्हटलं की हेतू विचारा, म्हणजे 'कशावरून?' आणि खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडा, की तोच म्हणेल, "हो, हेच म्हणायचं होतं मला." तुझी लेक हे सगळ्यांत मनापासून शिकली, एवढाच तिचा गुन्हा.

प्राचार्य भला माणूस, पण कुठे थांबावं ते कळत नाही. म्हणाले, "अहो, आजीचा रिपोर्ट आजीला सांगायचा नाही, असं वडील म्हणतात. तर पोरगी विचारते, तिला सोसणार नाही कशावरून?"

कसला रिपोर्ट, भाऊ?

सगळं ठाऊक असल्यासारखी मी मान हलवली. बाहेर येऊन जिन्यात बसले. पुढच्या तासाला गेलेच नाही. तुझ्या लेकीला गाठलं, तर म्हणाली, "आत्या, बाबांनी शपथ घातलीय. त्यांनाच विचार." आणि रडायला लागली.

आता तुझं म्हणणं मी मांडते. आई खचेल, ताई आकाशपाताळ एक करील, त्यापेक्षा मी एकटाच निभावतो. हेच ना? पण यातली भीती तुझी आहे, दुखणं आईचं. ते तिच्या पोटच्या मुलीला परक्याच्या केबिनमध्ये कळावं?

पुढच्या रविवारी येते. त्याआधी तू आईला सांग. नाही सांगितलंस, तर मी तिच्या उशाशी बसेन, आणि तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही.

लेकीला एक शब्द बोलायचा नाही. तिनं तुला विचारलं नसतं, तर मला बोलावणं थेट शेवटचंच आलं असतं.

'तुझी ताई' लिहिणार होते. आज लिहवत नाही.

आईची थोरली मुलगी