बांधावर मूठभर माती

३ नोव्हेंबर
आले एकदाची. खोली स्वच्छ, खिडकी मोठी, टेबल डगमगत नाही. आणखी काय हवं? खिडकीतून माझं काम दिसतं: मातीचा गोलाकार प्राचीन बांध, त्याला लागून खंदक आणि मधोमध थडगी, म्हणजे गवताने झाकलेले उंचवटे. सगळ्याचा नकाशा करायचा, आणि बांध एका जागी आरपार कापून त्या छेदातले थर नोंदवायचे. धाकटी बहीण परीक्षेच्या अभ्यासाला सोबत आली आहे. ती मला ‘मोजपट्टी’ म्हणते. ताई म्हटल्याचं आठवत नाही.

७ नोव्हेंबर
छेद पूर्ण झाला. इथला जाणारा-येणारा बांधावर मूठभर माती टाकतो. ती छेदात पडते, थर बिघडतात. दोर बांधून मनाई केली. घरमालकीण मावशी म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या, बघा बाई. आम्ही आपलं सासूबाईंनी सांगितलं ते करतो. धाकटी म्हणाली, मोजपट्टीने आता मातीलाही वळण लावलं.

९ नोव्हेंबर
एक गोष्ट बसत नाही. संरक्षणाचा खंदक बांधाच्या बाहेर असतो. इथे तो आत आहे. म्हणजे बांध कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हता. थरही तेच सांगतात: तळापासून माथ्यापर्यंत मूठमूठ माती, कुठेही खंड नाही. पहिला खंड माझा.

११ नोव्हेंबर
छेदासमोरच्या उंचवट्याचा माथा खचला आहे. मोजणीचं यंत्र तपासलं. यंत्र बरोबर आहे. मावशी बोचकं बांधून लेकीकडे निघाल्या. आम्हालाही चला म्हणाल्या. उद्या सकाळी धाकटीला गाडीत बसवते. मग छेद बुजवून मीही निघेन.

१२ नोव्हेंबर
धाकटी खोलीत नाही. तिच्या चपला बांधाच्या आतल्या उतारावर—

१२, दुपार
हाक मारली. उंचवट्यामागून ओ आली. आले, ताई.
ताई.
आत गेले नाही. छेद बुजवते आहे. घमेलं भरलं की हात थांबतो. ती खरंच तीच असली तर—

थोडंच भरायचं राहिलं. बांधावर बसून लिहिते आहे. ती खंदकापलीकडे उभी आहे. चेहरा तिचा, आवाज तिचा. म्हणते, ताई, आधी मला येऊ दे. विचारलं, तू मला काय म्हणतेस? ती नुसती हसली. आणि तिच्या मागच्या खचलेल्या उंचवट्यातून, मातीखालून, अगदी बारीक— मोजपट्टी, मोज—