अठ्ठ्याण्णव सालचं पाचशे वॉन

उचगाव,
ता. १० सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
महावीरचा शि. सा. न. वि. वि.

दशलक्षण पर्व पार पडलं. वर्षभरात माझ्याकडून काही उणं-अधिक बोललं गेलं असेल तर क्षमा कर. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ही पत्रं तरी होतात. नाहीतर हल्ली मला पेन उचलायचाही कंटाळा येतो.

परवा दसरा चौकात नाण्यांचं प्रदर्शन होतं. अल्बम घेऊन गेलो होतो. माझ्या आदितीनं कोरियात नोकरी करता करता जमवलेली पाचशे वॉनची नाणी, एका बाजूला उडता करकोचा असलेली. १९८२ पासून ज्या ज्या वर्षी पाडली त्या त्या वर्षाचं एकेक. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं भिंग लावून सगळी पाहिली आणि सांगितलं, काका, ही सगळी वापरातली, झिजलेली आहेत. तिकडच्या दुकानात जेवढ्याला चालतात तेवढीच यांची किंमत, म्हणजे नाण्यामागं तीसेक रुपये. १९९८ चं असतं तर गोष्ट वेगळी. त्या साली तो देश डबघाईला आला होता, नाणी जेमतेम आठ हजार पाडली, तीही संग्राहकांच्या पाकिटांसाठी. कोरं असेल तर आज लाखाच्या आसपास जातं.

हे मला ठाऊक होतंच. आदितीचा जन्मही त्याच सालचा, म्हणून अल्बममध्ये त्याची जागा मोकळी ठेवलीय. ती म्हणते, बोनस मिळालाय, सोलमध्ये विकणारा भेटलाय, घेऊन टाकते. मी नको म्हणालो. फोटोत कडेला ओरखडा दिसत होता. याआधीची दोनही अशीच परत पाठवायला लावली.

दाजी पाय मोडून पडल्यापासून तू ये म्हणतेस. पण नेसरीत तुमच्या घरी फोनला रेंज नसते, आणि रविवारी आदितीचा फोन असतो. जमेल असं वाटत नाही. दाजींना नमस्कार. आहे तेवढी माया असू दे.

तुझा,
महावीर


नेसरी,
ता. १७ सप्टेंबर २०२५

चि. महावीरास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ह्यांचं हाड जुळाय लागलंय म्हणं, पण अजून कूस बदलाय दोन माणसं लागतात. सूनबाई सकाळी डेअरीत जाते, मग मी एकटी. माझी कंबर आता माझी ऱ्हायली न्हाय. ह्ये रडगाणं न्हाय, तू विचारत न्हाईस म्हणून सांगतीय.

आता तुझं. तीन येळा पोरीनं नाणं धरलं, तीन येळा तू खोट काढलीस. एकात कड, एकात डाग, एकात आणि काय. अरं, तू हार्डवेअरचं दुकान चालवलंस तवा गंजका खिळासुद्धा गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायचास की! आताच बरं तुला ओरखडं दिसाय लागलं?

मी सांगते तुला काय झालंय. त्रिशला गेल्यापास्नं तू पोरीसंगं नाण्याबिगर एक शब्द बोलला न्हाईस. अल्बम भरला तर ती रविवारी फोन कशाला करील, ही धास्ती हाय तुला. व्हय का न्हाय? बायको गेलेल्या माणसाला एवढं भ्यायचा हक्क हाय, मी हसत न्हाय. पण भ्याव माणसाला सांगावं, नाण्याला न्हवं.

मी आदितीला पत्र लिवलंय. सूनबाईनं त्याचा फोटो काढून पाठवला. तुला राग यील, येऊ दे. लहान हाईस, सोसशील.

तब्येतीला जप. आणि येणार असशील तर ये, आमंत्रण पुन्ना देणार न्हाय.

तुझी,
अक्का


छांगवॉन (कोरिया),
ता. २१ सप्टेंबर २०२५

ती. आत्तीस,
आदितीचा नमस्कार.

तुझ्या पत्राचा फोटो मिळाला. मीही हातानंच लिहितेय, वहिनी याची प्रिंट काढून देईल. मराठी लिहायची सवय गेलीय, चुका सांभाळून घे.

आत्ती, तू विचारलंस की मला नाण्यांचं एवढं वेड कधीपासून. मला ते नाहीच गं. आई गेल्यावर मी रोज अण्णांना फोन करायचे. जेवलात का, हो. झोप लागते का, हो. मग ते गप्प, मी गप्प, आणि ते म्हणायचे, ठेव, बिल वाढेल. बिल येत नाही हे त्यांना माहीत होतं. एकदा कपडे धुवायच्या मशीनमधून सुटे पैसे आले, त्यात एक १९८२ चं नाणं होतं. मी सहज सांगितलं. अण्णा वीस मिनिटं बोलले! करकोचा कसा आहे, कड कशी आहे, कुठे झिजलंय.

तेव्हापासून दोन वर्षं मी सुट्ट्या नाण्यांच्या मागे आहे. बँकेत नोटा देऊन नाण्यांच्या गुंडाळ्या घ्यायच्या, घरी येऊन साल बघायचं, उरलेली परत करायची. बँकेतली बाई मला बघितलं की उसासा टाकते. मी दमलेय. ते महाग नाणंही मी घेऊन टाकणार होते ते हे सगळं एकदाचं संपावं म्हणून. हे लिहिताना लाज वाटतेय.

मला वाटायचं, अण्णांना फक्त नाणी हवीत. तू लिहितेस, त्यांना फोन हवाय. पण मग बोलायचं काय? आईबद्दल विचारायचंय. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण ते पुन्हा ‘ठेव’ म्हणाले तर?

येत्या रविवारी विचारते. मामांच्या पायाला हळू चोळ, जोर लावू नकोस. तुझा हात डोक्यावर आहे, तो तिथंच राहू दे.

तुझी,
आदिती


उचगाव,
ता. २९ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
महावीरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. मग भांडायचंही त्राण राहिलं नाही. दाजींची चौकशी केली नाही, हे तू बोललीस ते खरं आहे.

काल आदितीचा फोन आला. सुरुवातीलाच सांगून टाकलं तिनं की ते नाणं ती घेणार नाही, आणि आता शोधणारही नाही. मी म्हणालो, नको घेऊस. माझ्या तोंडात ‘ठेव’ हा शब्द अगदी आला होता, अक्का. तेवढ्यात तिनं विचारलं, आईची शेवटची दुपार कशी गेली?

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं सगळं. सकाळी त्रिशलानं केस विंचरून मागितले, मला वेणी घालता येईना, तर माझ्या हातांना हसली. डॉक्टरांनी बाहेर बोलावलं तेव्हा मी तिला आलोच म्हणून गेलो. परत आलो तेव्हा डोळे मिटलेले होते, नर्स म्हणाली झोपल्यात, म्हणून मी शेजारी बसून पेपर वाचत राहिलो. केव्हा गेली ते मला कळलंच नाही. आदिती रडली. मीही. तिनं मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाली की आई एकटी नव्हती, तुम्ही शेजारी होता.

अल्बम विकणार नाही, पुरा करणार नाही. शुक्रवारच्या एसटीनं नेसरीला येतो. दाजींची कूस बदलायला मला एक माणूस धर. रेंज नसली तर रविवारी गावात वर, देवळापाशी जाऊन बसेन.

आणखी एक. रडून झाल्यावर बोलायला काहीच उरलं नाही. तिला विचारलं, ठेवू का? ती म्हणाली, राहू दे चालू. फोन ओट्यावर ठेवला. तिकडं ती भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. इकडं मी ओल्या शेंगा सोलत बसलो. पाऊण तास असाच गेला.

मोठ्या बहिणीचा राग असाच कामाला येत राहो.

तुझा,
महावीर