न दिलेली पोकळी

शुक्रवार संध्याकाळ, वारजे

आज शाळेत मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. शेवटचं भाषण माझं होतं आणि मी तो शब्द मुद्दाम उच्चारला नाही.

पोकळी. दाढेत होते, फरशीखाली राहते, बांबूत तर जन्मापासूनच असते. आमच्या शाळेत मात्र ती शाल आणि नारळाबरोबर मिळते. कोणीही निवृत्त होवो, वाक्य ठरलेलं: 'आपल्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण होईल.' कँटीनच्या मावशींनाही मिळाली.

फक्त माझ्या बाबांना मिळाली नाही. याच शाळेत ते आयुष्यभर शिपाई होते. त्यांच्या निरोपाला हेच सर म्हणाले, "काळजी नको, सोमवारी नवीन माणूस येतोय." सगळे हसले. नारळ हातात धरून बाबाही हसले. पण तो नारळ त्यांनी कधी फोडू दिला नाही. बाबा गेले, तरी तो अजून कपाटावरच आहे.

आज सर नारळ धरून माझ्याकडे बघत होते, त्या वाक्याची वाट बघत. मी "धन्यवाद" म्हटलं आणि खाली बसले. कोतेपणा आहे का हा? असेल.

चहाच्या वेळी ते जवळ आले. "बाई, भाषण छान झालं. शेवट जरा राहिल्यासारखा वाटला."

"नाही हो सर. सोमवारी नवीन माणूस येतोय ना."

त्यांना आठवलं. चेहराच सांगत होता.

आत्ता स्टुलावर चढून बाबांचा नारळ खाली काढलाय. खवट निघाला तरी चालेल, आज फोडणारच.