बुडखा खाली

केळापूर,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

ती. विमलआत्यास दिपालीचा वाकून नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे जिथल्या तिथे आहेत. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती उन्हात ठेवतेस? फोनवरच विचारलं असतं, पण बाबांचं नाव निघालं की तुझ्या दिग्रसची रेंज जाते, हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

तर आजोबांचा बांबूचा तीरकमठा. (शिकारीचे दिवस कधीच गेले. आता तो दसऱ्याला पुजायचा आणि कडब्याच्या पेंढीत एक तीर मारायचा, एवढंच.) अर्धांगवायूनंतर बाबांच्या उजव्या हातात चहाचा कपही ठरत नाही, म्हणून यंदाचा तीर मी मारावा, असं ते स्वतःच म्हणाले. दोन वर्षांपूर्वी तू कमठ्याला हात लावलास तेव्हा ज्यांनी चारचौघांत "इमल, तू बूड टेकून बस" म्हटलं (आणि तू उपाशीच बस पकडलीस), तेच बाबा. त्यांच्या त्या हाताकडे पाहिलं आणि मला नाही म्हणवलं नाही.

जुनी दोरी तुटलेली. मी नायलॉनची लावली, ती निघाली बारीक. तीराच्या मागची खाच रुंद, त्यामुळे तीर दोरीवर बसवला की ओढायच्या आत गळून पायावर. मग जुन्या दोरीवरची काळी खूण मोजून नवीवर तिथेच ब्लाउजचा दोरा गुंडाळला, जरा जास्तच प्रेमाने. आता तीर असा घट्ट बसला, की ओढून सोडला तरी दोरीलाच लटकून राहिला. मी पेंढीकडे बघतेय, तीर माझ्याकडे. अर्धा दोरा उलगडला, तेव्हा कुठे सुटायला लागला, पण जाई तो थेट आभाळात. बाबा खाटेवर बसून सगळं बघत होते.

शेवटी तीर वर का जातो, ते विचारायला तुला फोन केला. खरखरीतून तुझं एवढंच ऐकू आलं, की बूड खाली ठेव, आणि फोन बंद. मला वाटलं, बाबांवरचा दोन वर्षांचा राग तू माझ्यावर काढलास. तरी आज्ञा म्हणून पाट मांडला, त्यावर बसले आणि बसूनच तीर सोडला. तो गोठ्याच्या टिनावरच्या भोपळ्यात घुसला. (दोन दिवस भोपळ्याचीच भाजी खातोय.)

पाट का मांडला ते सांगितलं, तेव्हा बाबा इतके हसले, की त्यांचा ठसका थांबेना. म्हणाले, "बूड नाही वो बाई, बुडखा. बुडखा म्हणते इमल. बासाचा जाड बुडखा खाली, शेंडा वर. तू कमठाच उलटा धरून राह्यली." कमठा उलटा, म्हणून मध्याच्या जरा वरची खूण खाली आलेली आणि तीर वर जाणारा. सुलटा केला, तर पहिलाच तीर पेंढीत. मी रडले थोडी. कशाला ते माहीत नाही.

गुडघ्याला जप. येते.

तुझी
दिपाली

ता. क. कमठा उलटा आहे हे बाबांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग सांगितलं काहून नाही, असं मी चिडून विचारलं. म्हणाले, "सांगलं असतं, त तू इमलले फोन केला असता काय?"

ता. क. २. हे पत्र त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलंय. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिही, म्हणाले: "दसऱ्याले ये. पयला तीर तुहा. यंदा बूड टेकून मी बसतो."

ता. क. ३. येताना भाजी कोणतीही आण. भोपळा नको.